एका चार्जमध्ये वांगणी

८ फेब्रुवारी, शनिवार

सदू सकाळी पिशवी देऊन गेला. कुमुदचा हा धाकटा भाऊ वांगणीहून इथे अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला येतो. पहिल्या पाळीला जाताना त्याच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दिलेली पिशवी दर शनिवारी दारात ठेवतो. कुमुद ऑक्टोबरात गेली, तरी पिशवी थांबलेली नाही.

आज शेवग्याच्या शेंगा होत्या आणि दोन डब्यांत दुधीची भाजी. एका डब्यातली अळणी होती. मागच्या वेळीही तसंच झालं होतं. वय झालं, मीठ घालायचं राहत असेल.

सदू म्हणाला, "दाजी, आई विचारते, कधी येताय. आणखी काय बोलली नाय."

मी म्हटलं, "येतो. डबेही आणतो."

डब्यांची अडचण झाली आहे. कुमुद डबा कधी रिकामा पाठवायची नाही. त्यात काय घालायची ते मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे दिवाळीपासून एकही डबा परत गेलेला नाही आणि ओट्याचा एक कोपरा डब्यांनी भरला आहे. एवढे डबे घेऊन ट्रेनमध्ये चढणं शक्य नाही. सदूकडे द्यावेत तर तो दिवसभर कारखान्यात ते कुठे ठेवणार? त्यामुळे गाडी घ्यायचा विचार पुन्हा करायला हरकत नाही.

पुन्हा म्हणतो, कारण तो विचार कुमुदचा होता. उल्हासनगरला डायलिसिस झाल्यावर रिक्षातून येताना तिला प्रत्येक खड्डा लागायचा. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी फिस्टुला केलेला, त्यावर जोर येऊ द्यायचा नसे, म्हणून ती उजव्या हाताने माझी बाही धरून बसायची. विजेवरच्या गाडीला धडधड नसते असं तिने ऐकलं होतं. "नवी नको, कुणी वापरलेली बघा. वांगणीलाही जाता येईल. एका चार्जमध्ये जाऊन येईल ना हो?" असं विचारायची. मी म्हणायचो, बघू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भगवंतला घेऊन उल्हासनगरला गेलो. भगवंत शेजारी राहतो, माझ्याच कंपनीतून निवृत्त झाला. त्याला गाडीतलं काही कळत नाही, पण तो बरोबर असला की मला फार बोलावं लागत नाही.

हरेशभाईंच्या आवारात जुन्या गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. विजेवरची एकच होती. पांढरी, लहान, किंमत झेपण्यासारखी. आधीचा मालक बदलापूरचा. बदलापूर म्हटल्यावर मी सीटखालच्या पट्टीत बोटं घालून पाहिली. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी कितीही धुतली तरी तिथे गाळ राहतो. गाळ नव्हता.

हरेशभाई म्हणाले, "साईं, हात काळे कशाला करता? ही गाडी पोडियमवर उभी राहायची, वरती. पाणी तिथपर्यंत आलं तर गाडी पण नाही राहणार आणि आपण पण नाही."

"इंजिनाचा आवाज कसा आहे?" भगवंतने विचारलं.

"इंजनच नाही तर आवाज कुठून येणार? आणि जे नाहीच ते बिघडणार काय?"

मग ते माझ्याकडे वळले. "रनिंग बोला साहेब. रनिंगवर सगळा खेळ आहे."

मी सांगितलं, "सोमवार, बुधवार, शुक्रवार. अंबरनाथहून इथे उल्हासनगरला आणि परत. मधे चार तास गाडी उभी. बाकीचे दिवस वापर नाही."

"फिर तो ही तुमच्यासाठीच बनली!" हरेशभाईंनी टपावर थाप मारली. भगवंत पलीकडच्या गाडीचे टायर बघायला गेला.

घरी येताना लक्षात आलं की रनिंग चुकीचं सांगितलं. आज बुधवारच होता, म्हणून तोंडात आलं असेल. पण अंदाज बांधताना वापर जास्त धरलेला चांगला. तेवढाच धरून चालतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडी चालवून पाहिली. क्लच नाही, गिअर नाहीत, त्यामुळे माझ्या डाव्या गुडघ्याला त्रास नाही. खड्ड्यात आदळते, पण रिक्षासारखी नाही.

भगवंतला पुढच्या सीटवर पुन्हा पुन्हा बसायला आणि उतरायला लावलं. शेवटी तो वैतागला. "अरे राजा, मी काय बाळंतीण आहे का?" पण हे बघायला हवं होतं. सीटची उंची बरोबर आहे. आधी पाठ टेकवून बसायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, तसं गुडघे फार न वाकवता जमतं. फक्त आधाराची मूठ डाव्या बाजूला येते आणि डाव्या हातावर जोर देऊन चालत नाही. मी भगवंतला म्हटलं, "उजव्या हाताने काही धरता येतं का बघ."

तो म्हणाला, "माझे दोन्ही हात धड आहेत." आणि मग, "धरता येतं रे. हे बघ, धरता येतं."

बॅटरी तपासल्याचा कागद हरेशभाईंनी दिला. बॅटरीची तब्येत ब्याऐंशी टक्के. मीठ बंद करूनही घसरत गेलेले कुमुदच्या किडन्यांचे आकडे इतकी वर्षं ऐकल्यावर ब्याऐंशी हा फारच चांगला आकडा वाटतो. रिकामी बॅटरी घरच्या विजेवर पूर्ण भरायला आठेक तास लागतात. भगवंतला ते फार वाटले. मला नाही वाटले. चार तास तर आम्ही सहज बसायचो.

प्रश्न वांगणीचा आहे. हरेशभाई म्हणतात एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटर जाईल. मी एकशेवीस धरतो. वांगणी जाऊन-येऊन चाळीसच्या आसपास. कागदावर जमतं, पण खात्री वाटत नाही.

"अडकलास तर बदलापूरला माझी मेहुणी आहे," भगवंत म्हणाला. "चहा पी, तिची बडबड ऐक. आपोआप चालत निघशील."

२३ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा, तेजस्वीचा, पुण्याहून फोन. भगवंतने तिला गाडीचं सांगितलेलं दिसतं.

"बाबा, वांगणी ट्रेनने किती लांब आहे? बसेपर्यंत येतं. त्यासाठी गाडी?"

मी म्हटलं, "आजीचे डबे परत करायचे आहेत. बरेच साठले आहेत."

"डबे?" ती म्हणाली. मग फोन कट झाला. तिच्याकडे रेंज नीट नसते. परत बोलली तेव्हा तिला सर्दी झाल्यासारखी वाटली.

तिची आत्या म्हणते की वर्षाच्या आत घरात मोठी वस्तू घेऊ नये, वाहन तर नाहीच. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, तिला नवी वस्तू कशी म्हणायची? तेजस्वी म्हणाली, "मला काही नाही हो त्याचं. तुम्हीच बघा."

फोन ठेवताना विचारलं, आई डब्यात काय घालायची?

"काहीही. साखर, शेंगदाणे. काहीच नसलं तर दोन लवंगा. रिकामा जायला नको, एवढंच."

२ मार्च, रविवार

सोसायटीची मीटिंग. पार्किंगमध्ये माझ्या मीटरवरून चार्जिंगचा पॉइंट घ्यायला परवानगी मागितली. वायरीची जाडी, वेगळा ब्रेकर, अर्थिंग, सगळं काढून नेलं होतं. नोकरीत हेच काम केलं.

चेअरमन महिपती म्हणाले, "तुमचं काम चोख असणार, वाद नाही. पण मी मोबाईलवर पाहिलंय, उभी गाडी धडाधड पेटते. खाली गाडी, वर आमची लेकरं झोपलेली."

मागून कोणी म्हणालं, "आज गाडी, उद्या कोणी शेगडी मांडेल पार्किंगमध्ये." लोक हसले.

भगवंत उठून म्हणाला, "तुझी स्कूटर गेली पाच वर्षं तिथे गंजतेय, ती आधी हलव."

त्यावरून दोघांचं जुंपलं आणि माझा विषय राहून गेला. निर्णय पुढच्या मीटिंगला. म्हणजे चार्जिंगची सोय नाही. सोय नसताना गाडी घेणं व्यवहाराला धरून नाही. हरेशभाईंना तसं कळवायला हवं.

८ मार्च, शनिवार

पिशवी आली. दुधी. एक डबा पुन्हा अळणी. हरेशभाईंना कळवायचं राहिलं.

सदूला सगळी अडचण सांगितली, म्हणजे आईला वाटायला नको की मी टाळतोय. वर्षाच्या आत वाहन आणलं तर त्यांना चालेल का, हेही विचारायला सांगितलं. लेक त्यांची गेली आहे. त्यांच्या मनाविरुद्ध नको.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नाही. समोरच्या इमारतीत प्रत्येक खिडकीला एक होती. दुपारी भगवंतच्या घरून श्रीखंडाची वाटी आली. संध्याकाळी बाजूच्या बाईंनी पोळ्या दिल्या. वाट्या धुऊन ठेवल्या आहेत.

५ एप्रिल, शनिवार

सदूने आज निरोप आणला. मधले काही शनिवार तो दुसऱ्या पाळीला होता, पिशवी दारात ठेवून जायचा. विचारायचं त्याने लांबवलं असणार.

"आई म्हणाली, वापरलेली गाडी म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यातली गाय आणली. तिला कसलं वर्ष आन् कसलं काय. आन् विजेचं म्हणाल तर घरघंटीचा पॉइंट रिकामा हाय."

घरघंटी म्हणजे त्यांची घरातली पिठाची चक्की. ती बंद पडली आहे. पॉइंट मोठा आहे, हे मला माहीत आहे, कारण लग्नानंतर काही वर्षांनी तो मीच बसवून दिला होता. अर्थिंगही केलं होतं.

म्हणजे असं झालं की गाडी इथे ठेवायची आणि भरायला वांगणीला न्यायची. भगवंतला सांगितलं. तो म्हणाला, "मोबाईल चार्ज करायला सासुरवाडीला जाणारा जावई बघितला नव्हता." पण मग तोच हरेशभाईंकडे चल म्हणाला.

१३ एप्रिल, रविवार

गुरुवारी गाडी ताब्यात आली. आज ती घेऊन वांगणीला गेलो. चिखलोलीजवळ रस्त्याचं काम चालू होतं, तिथे थोडा थांबलो. बाकी काही अडचण नाही. निघताना छप्पन टक्के होते, पोचलो तेव्हा चाळीस.

सासूबाई माझ्याशी कधी थेट बोलत नाहीत. त्यांच्यात जावयाशी तसं बोलत नाहीत. इतकी वर्षं सगळं कुमुदमधून चालायचं. "कुमे, त्यांना विचार, चहा घेतील का." मी समोर बसलेला असायचो, पण कुमुद मला विचारायची आणि मी कुमुदला सांगायचो. आता मधे कोणी नाही, तेव्हा कसं होणार याची मला थोडी काळजी होती.

त्या दारातच उभ्या होत्या, डोक्यावर पदर. मी गाडीचं दार उघडायला लागलो तेव्हा दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाल्या, "म्हणावं, जरा थांबा." मी आत बसून राहिलो. त्यांनी तांब्या आणला आणि पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं. मग भाकरीचा तुकडा गाडीवरून ओवाळून लांब टाकला. औक्षण त्या करत नाहीत, सासरे गेल्यापासून. सदू म्हणाला, बैल घरी आणला की आई असंच करायची.

डबे उतरवले. प्रत्येकात साखर घातली होती. त्यांनी एकेक झाकण उघडून पाहिलं. शेवटचा डबा उघडून तशाच बसून राहिल्या. साखरेला मुंग्या लागल्या होत्या की काय कळलं नाही.

खिडकीतून वायर घेऊन गाडी लावली. वायर तापते का ते दर थोड्या वेळाने हात लावून पाहिलं. मग पडवीत गाडीजवळ खुर्ची टाकून बसलो. संध्याकाळी निघालो. सदूशी जेवढं बोललो तेवढंच.

२७ एप्रिल, रविवार

वांगणी. लाईट दोनदा गेली आणि आली.

जेवायला वाल, भाकरी आणि दुधीची भाजी. भाजी अळणी. मीठ मागायचं म्हणजे कोणाला मागायचं? तशीच खाल्ली. सासूबाई बघत होत्या. त्यांनी आणखी वाढली, तीही खाल्ली.

दुपारी सदू बाहेर गेला. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या आणि गाडीला लावलेल्या वायरीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "त्यांना विचार, तिला असंच लावायचे काय."

आसपास कोणी नव्हतं.

मला कळलं, त्या डायलिसिसचं विचारत होत्या. त्यांनी ती जागा कधी पाहिलेली नाही. गुडघ्यांमुळे स्टेशनचा पूल चढवत नाही, रिक्षात एवढं अंतर बसवत नाही. मीही चौकटीकडे बघून सांगितलं. दोन नळ्या असतात. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. चार तास.

"दुखायचं काय?"

"सुई घालताना. नंतर नाही. नंतर ती झोपायची."

"आन् तुम्ही..." असं म्हणून त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "ते कुटं असायचे?"

"शेजारी. खुर्चीवर."

त्यांनी मान हलवली. आत जाऊन चहा ठेवला.

११ मे, रविवार

दुपारीच लाईट गेली ती येईना. गाडी अर्ध्यावर भरली होती. अंबरनाथला जायला अर्धी पुष्कळ झाली, आठवडाही निघाला असता. मी वायर गुंडाळली आणि निघायला उठलो.

सासूबाई आतून म्हणाल्या, "बसा. येईल लाईट."

मी आधी वळून बघितलं, सदू आला का म्हणून. सदू नव्हता. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

वायर सोडून पुन्हा लावून ठेवली आणि बसलो. लाईट आली नाही. त्या कुमुदबद्दल बोलत होत्या. लहानपणी ती वालाच्या शेंगा सोलताना दाणे चोळीत लपवायची आणि शेजारच्या वासराला नेऊन द्यायची. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मला ती जागा दावा."

मी म्हटलं, वांगणीहून उल्हासनगर आणि परत, साठच्या आत-बाहेर होईल. एका चार्जमध्ये जमेल.

१८ मे, रविवार

सकाळी लवकर वांगणीला पोचून गाडी लावली, दुपारी पंच्याऐंशी टक्के झाल्यावर सासूबाईंना नेऊन आणलं. सदू मागे बसला. पुढची सीट त्यांना दिली.

त्यांना आधी पाय आत घालायचा होता. मी सांगितलं, "तसं नाही. आधी पाठ टेकवा. आता एक पाय. आता दुसरा." बसल्या. गुडघा दुखला नाही म्हणाल्या. उजवा हात कुठे धरायचा तेही दाखवलं. त्या म्हणाल्या, त्यांचा डावा धड आहे. तरी उजव्याने धरून बसल्या.

रविवारी सेंटर बंद असतं. रस्त्यावर गाडी लावली आणि काच खाली केली. मी दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी दाखवली.

"खिडकीपाशी व्हती?"

"हो. तोच बेड मागून घ्यायची. खाली ते झाड दिसतं म्हणून."

कंपाउंडच्या आत शेवगा आहे. सासूबाईंनी वाकून बघितलं. शेंगा संपल्या आहेत आता, पाला आहे.

"ती म्हणायची," मी सांगितलं, "आईच्या परसातला इथे कोणी आणून लावलाय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. सदू मागून म्हणाला, "आई, पाणी देऊ?" त्यांनी हातानेच नको म्हटलं. एक रिक्षावाला मागून हॉर्न देत होता, "ओ काका, इथेच मुक्काम का?" मी हात दाखवून त्याला बाजूने जायला सांगितलं. गाडीला आवाज नसल्यामुळे ती चालू आहे हे मी विसरलो होतो. मग बंद केली आणि त्या म्हणेपर्यंत थांबलो.

वांगणीला परतलो तेव्हा पस्तीस टक्के शिल्लक होते. कुमुद एका चार्जचं विचारायची. उल्हासनगर धरूनही जमतं.

२५ मे, रविवार

काल संध्याकाळी महिपती स्वतः घरी आले. सोसायटीने पॉइंटला परवानगी दिली. भगवंतने दोघा-तिघांना पटवलेलं दिसतं. म्हणाले, "इलेक्ट्रिशियन उद्याच बोलवा, मी उभा राहतो." मी आभार मानले आणि म्हटलं, बघू.

घाई करण्यासारखं काही नाही. बॅटरी हळूहळू भरलेली जास्त टिकते आणि वांगणीला वीज कमी दाबाने येते, म्हणजे गाडीला ते चांगलंच आहे. रविवारी तिथे लावली की आठवडा निघतो. सगळ्या बाजूंनी विचार केला तर गाडी व्यवहाराला धरून आहे असं म्हणायला हरकत नाही.

काल सदूने आणलेल्या पिशवीत एकच डबा होता. भाजीत मीठ होतं.

डबा धुऊन पुसून ठेवला. आता वांगणीला निघायचं आहे. साखर संपली होती, दोन लवंगा घातल्या.